कोलोन म्हणजे काही लावणं नव्हे

मंगळवार, ३ मार्च

आज सकाळी सव्वाआठ वाजता, कार्शियाकाहून सुटलेल्या बोटीवर, एका तिळाने माझ्यावर प्राणघातक हल्ला केला. कुठेतरी रीतसर नोंद व्हावी म्हणून ही वही.

गेव्रेकचा, म्हणजे आमच्या तिळाच्या गोल पावाचा, पहिलाच घास. त्या कडक कड्यावरचा एक तीळ सुटला आणि थेट जिभेखालच्या फोडावर जाऊन बसला. डोळ्यांतून पाणी. समोरच्या बाईंनी रुमाल पुढे केला, हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?" तिळाचं नाव काय सांगणार! मान हलवली. त्यांनी माझ्या तिळासाठी फातिहाची प्रार्थना पुटपुटली.

त्रेचाळीस वर्षांच्या करदात्याने सकाळचं गेव्रेक खाऊ नये असं राज्यघटनेत कुठे लिहिलंय? इज्मिरच्या माणसाकडून गेव्रेक काढून घेतलं तर उरतो समुद्र. त्यालाही आता वास मारतो.

तोंडात सध्या चार फोड. विसाव्या वर्षापासून येतात, दहा दिवस राहतात, जातात. मेलाहात आत्याचं निदान ठरलेलं — "लोकांबद्दल वाईटसाईट लिहितोस ना रिफ्की, ते आधी तुझ्या जिभेवर उमटतं." आत्याने मला लहानाचं मोठं केलंय, त्यामुळे या निकालावर अपील नाही.

शुक्रवार, ६ मार्च

उजवा गुडघा भोपळ्याएवढा. पडलो नाही, आपटलो नाही. जिन्यावरून एकेक पायरी बसून उतरलो. खालच्या मजल्यावरच्या सुलतानाबाई दार किलकिलं करून बघत होत्या. उद्यापर्यंत सगळ्या गल्लीला कळेल की मी पितो.

सोमवार, ९ मार्च

काही कळत नाही. पुन्हा लिहितो, म्हणजे पुढे वाचताना मलाच कळेल की मला कळत नव्हतं.

तोंडासाठी दातांचा डॉक्टर — "अक्रोड खाता का? बंद करा." गुडघ्यासाठी हाडांचा डॉक्टर — "समुद्राजवळ राहता? ओल." नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी आल्यात त्यासाठी कातडीचा डॉक्टर — "डास." मार्चमध्ये डास! अजून एका जागी फोड आहे. ती जागा मी या वहीलाही सांगणार नाही. तिच्यासाठी कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नाही.

प्रत्येकाने माझा आपापला तुकडा तपासला. सगळा मी कुणाच्याच दवाखान्यात मावत नाही.

बुधवार, ११ मार्च

सकाळी आरशात बघतो तर डावा डोळा टोमॅटो. नुसता लाल नाही — समोरचं सगळं हमामातल्या वाफेतून दिसल्यासारखं. उजेड टोचतो. लेख अर्धा राहिला. गुरुवारच्या अंकात माझा मजकूर नसेल तर आमचे संपादक शाहाप माझ्या रकान्यात पंख्यांची जाहिरात टाकतील, आणि वाचकांना फरक कळणार नाही, ही खरी भीती.

गुरुवार, १२ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर म्हातारे, फार कमी बोलणारे. यंत्रातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तोंड उघडा."

मी म्हटलं, "साहेब, मी डोळा घेऊन आलोय."

"तो पाहिला. आता तोंड उघडा."

उघडलं. मग पँट वर करायला सांगितली, नडगी बघितली. मग ती जागा विचारली! नर्ससमोर. मी म्हटलं, नाही. ते नुसते बघत राहिले. मी म्हटलं, आहे.

चिठ्ठी लिहून दिली. मोठ्या हॉस्पिटलात दर बुधवारी एक खास ओपीडी असते, तिथे डॉक्टर नुखेत यांना भेटा, उशीर करू नका. वर आजाराचं नाव — बेहचेत. आमच्याच एका डॉक्टरच्या नावाचा आजार! जगभर आमच्या नावाने तीन गोष्टी विकल्या जातात: कॉफी, आंघोळ आणि आता हा.

बुधवार, १८ मार्च

आत्या बरोबर आली. "तू एकटा गेलास तर डॉक्टरशी भांडशील." बरोबरच आहे.

कॉरिडॉरमध्ये शंभरेक माणसं. कुणाला काठी, कुणाला काळा चष्मा, कुणी धडधाकट दिसतो तोच रडतोय. आत्याने बाकाला पाठ टेकायच्या आधी पर्समधून लिंबाच्या कोलोनची बाटली काढली. "बाह्या वर कर. इथे काय काय चिकटत असेल." तळहात, मनगटं, कोपरापर्यंत, मग मानेला. दोनदा. शेजारच्या तिघांनी न सांगता हात पुढे केले, त्यांनाही ओतलं. सगळ्या कॉरिडॉरला बारशाचा वास.

खोलीत डोळ्यांचा, कातडीचा, सांध्यांचा, नसांचा असे चार डॉक्टर एकाच टेबलाभोवती. माझे सगळे तुकडे पहिल्यांदाच एका खोलीत भेटले.

नुखेत बाई पन्नाशीच्या. केस आखूड, आवाज त्याहून आखूड. म्हणाल्या, "शरीराचे रखवालदार असतात. तुमचे घरच्याच माणसांना चोर समजून बडवतायत. जिथे रक्तवाहिनी आहे तिथे ते पोचू शकतात — तोंड, सांधा, कातडी, डोळा. क्वचित मेंदू, फुप्फुस."

"आणि रक्तवाहिनी कुठे नसते?"

"केसांत आणि नखांत." हसल्या नाहीत.

मग हाताला सुई. औषध नाही, काही नाही — कोऱ्या सुईने नुसतं टोचायचं, तीन ठिकाणी, आणि अठ्ठेचाळीस तासांनी बघायचं. तिथे पुटकुळी आली तर रखवालदार खरंच बिथरलेत. गोळ्यांची लांबलचक चिठ्ठी आजच दिली. "निकालाची वाट बघू नका. डोळ्याकडे वेळ नाही."

आत्या बाहेर येऊन म्हणाली, "नुसतं टोचलं? मग ते मी घरी केलं असतं."

शुक्रवार, २० मार्च

हात स्वच्छ! एक लाल ठिपकासुद्धा नाही. बाळाच्या हातासारखा.

नुखेत बाईंनी भिंगातून पाहिलं, कपाळाला आठी. "हात कोरा असला म्हणजे आजार नाही, असं होत नाही. गोळ्या सुरू केल्या?"

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या हाताला प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिलं. आता तुम्हाला ते उत्तर आवडत नाही."

"रिफ्की बेय, तुमचा हात साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही."

चांगलं वाक्य होतं. खिशातल्या कागदावर टिपून घेतलं. चोरायला.

शनिवार, २१ मार्च

डोळा थोडा निवळलाय — थेंबांनी. गोळ्यांची पिशवी मोज्यांच्या खणात. पत्रकावर जे लिहिलंय ते वाचलं तर निरोगी माणूसही आजारी पडेल.

लेख बसल्या जागी उतरला. दोन तास, एकही खाडाखोड नाही. "सुईची साक्ष". एक माणूस तीळ अडकला म्हणून डॉक्टरकडे जातो. डॉक्टरीणबाई त्याला रिकाम्या सुईने टोचतात. सुई म्हणते निर्दोष. बाई म्हणतात, सुई फितूर आहे, आजन्म गोळ्यांची शिक्षा. शेवटचं वाक्य — "ज्या आजाराचा पुरावा नसणं हाच पुरावा असतो, त्याच्या गोळ्या मी मांजराला देतो, मांजर खूश आहे." शाहाप फोनवरच खोखो हसले. "वर्षातला सर्वोत्तम. जाहिरात काढतो."

गुरुवार, २६ मार्च

अंक आला. बोटीवर दोघांना वाचताना पाहिलं. एक तर हसता हसता चहा सांडून बसला. गेव्रेक खाल्लं. पूर्ण.

मंगळवार, ७ एप्रिल

बायरम, म्हणजे ईद. आत्याकडे दिवसभर माणसं. प्रत्येकाच्या हातावर कोलोन, प्रत्येकाला चॉकलेट, प्रत्येकाच्या तोंडी माझा लेख. मासळीवाले एनिश्ते — आत्याचे दीर — म्हणाले, "आमच्या मेहुण्याचा मुलगा पण अशाच गोळ्या खातो. त्याला कापून पाठवलाय तुझा लेख."

"मजेसाठी ना?"

"मजेसाठीच. पण वाचून त्याला पण वाटायला लागलंय की..." तेवढ्यात बकलावा आला.

गाठी परत आल्यात. बूट घालताना लागतात. कुणाला बोललो नाही. विजयी माणसाला नडगी नसते.

गुरुवार, १६ एप्रिल

लिहिणं कठीण. डावा डोळा गेला — म्हणजे आहे, पण त्यातून दिसत नाही. झोपेतून उठलो तर खिडकीच्या जागी राखाडी. हात डोळ्यासमोर धरला. पाच बोटं आहेत हे आठवणीवरून कळलं.

उजवा ठीक. उजवा ठीक आहे ना? दर पाच मिनिटांनी डावा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय. १६. १६. १६.

शुक्रवार, १७ एप्रिल

हॉस्पिटल. नुखेत बाई आल्या, बसल्या नाहीत. डोळ्यात टॉर्च मारला.

"बुबुळाच्या आत, खाली, पू साचलाय. आज कॉर्टिसोन शिरेतून. गोळ्या किती दिवस घेतल्या?"

मी चादर सारखी केली.

"मांजराने किती दिवस घेतल्या?"

वाचलाय. अर्थातच वाचलाय.

रविवार, १९ एप्रिल

सलाइनची बाटली थेंब थेंब. झोप नाही. खूप भूक. आत्या डब्यातून सारमा, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, आणते आणि भरवते, जसा मी चार वर्षांचा. वर लिंबू पिळायचं विसरते. आत्याने लिंबू विसरणं म्हणजे परिस्थिती गंभीर.

"तुझी नजर जाणार नाही," म्हणाली. "मी नवस बोलले."

"काय बोललीस?"

"तू लोकांबद्दल चांगलं लिहिशील."

"आत्या, मग गेलीच समज."

हसली. मग चेहरा फिरवून डबा बंद केला.

बुधवार, २२ एप्रिल

परत सुई. या वेळी नुखेत बाईंनी स्वतः टोचलं. त्याआधी थांबून —

"मागच्या वेळी हाताला काय लावलं होतं?"

"काही नाही."

"साबण? मलम?"

"काहीच नाही."

आत्या कोपऱ्यातून, अभिमानाने — "मी कोलोनने स्वच्छ करून आणलं होतं. कोपरापर्यंत. दोनदा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी आत्ता विचारलं तेव्हा 'काही नाही' म्हणालात," नुखेत बाई म्हणाल्या.

"कोलोन म्हणजे काही लावणं थोडंच?" मी खरंच गोंधळलो होतो. कोलोन आपल्याकडे हवेसारखं आहे. तुम्ही श्वास घेतला का, असं विचारल्यासारखं!

"स्पिरिटने घासलेल्या कातडीवर ही परीक्षा फसू शकते. मला वास आला होता. वाटलं, तुमच्या आत्यांचा असेल." मग, जरा थांबून, "चूक माझीही आहे. इथे तर सगळ्यांच्याच अंगाला हा वास असतो, म्हणून तो जाणवत नाही."

आत्याने बाटली पर्समध्ये खोल ढकलली. वॉर्डात परतताना पूर्ण वेळ पर्स पोटाशी धरून.

शुक्रवार, २४ एप्रिल

तीन ठिकाणी टोचलं, तीन पुटकुळ्या. पिवळ्या डोक्याच्या, लाल कड्यात. नुखेत बाईंनी भिंग न लावता पाहिलं. मी काही म्हणायच्या आत — "साक्षीदार आलाय. उशिरा."

म्हटलं, "तो लेख —"

"लेखाचं नंतर. गोळ्या समोर घ्या." नर्स पाणी घेऊन उभी. त्रेचाळीस वर्षांचा मी, जीभ वर करून दाखवली की गिळली.

बुधवार, ६ मे

घरी. चेहरा कॉर्टिसोनने टरबूज. सुलतानाबाईंना आता खात्रीच पटलीय. डाव्या डोळ्याला तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी दिसतात. आज चौथीचं पहिलं अक्षर लागलं, असं वाटलं. नुखेत बाईंनी "वाटलं" हे कागदावर लिहिलं नाही.

मला काही नीट समजत नाही. आजार तोच, गोळ्या त्याच, आणि पलीकडच्या बाकावरच्या माणसाचे डोळे ठणठणीत, पण पायाची शीर गुठळीने बंद. त्याच्या बाजूच्या मुलीला नुसते फोड, बारा वर्षं नुसते फोड. म्हणजे हा एक आजार की एकाच नावाने हिंडणारे पाच? विचारलं. नुखेत बाई म्हणाल्या, "मलाही रोज तोच प्रश्न पडतो." हे ऐकून बरं वाटलं. का, माहीत नाही.

बुधवार, १३ मे

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

ओपीडीत बाकावर माझ्या शेजारी एक बाई. साठीला टेकलेल्या, पांढरी कॉलर, मांडीवर पर्स सरळ. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कितवा नंबर चाललाय, सांगता? मला पाटी दिसत नाही."

एकतीस. त्यांचा अडतीस. गप्पा. नाव मुआल्ला, प्राथमिक शाळेत मास्तरीण, तिसरीचा वर्ग. आजार अकरा वर्षं. उजवा डोळा आधीच गेलेला, डावा गोळ्यांवर टिकून होता. सहा वर्षं छान टिकला.

"मग?"

"मग आमच्या टीचर्सरूममध्ये एक साप्ताहिक आलं होतं. त्यात कुणीतरी फार हुशार माणसाने लिहिलं होतं — सुई, मांजर वगैरे. आम्ही सगळ्या इतक्या हसलो. मलाही गोळ्यांनी मळमळायचं, केस जायचे. वाटलं, बघू या थांबवून. तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्यात झालं. आता उजेड आणि सावली एवढंच."

माझ्या कानात समुद्र.

"त्या माणसाला तुम्ही..." मी म्हटलं.

"काय? शिव्या? पोराच्या हातात कात्री दिली तर ते कापणारच." मग हसून, "तुमचा आवाज चांगला आहे. रेडिओवर असता का?"

"नाही. जहाज कंपनीत. कारकून." नाव विचारलं. "नुरेत्तिन," मी म्हणालो. तोंडातून आलं. भित्रा माणूस खोटं बोलतो तेव्हा नावसुद्धा काकाचं घेतो.

त्यांची अडचण — बारा जूनला शाळा सुटेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. मग निवृत्ती; त्यांच्या अटींवर, हेडमास्तरांच्या दयेवर नाही. वर्ग त्या पाठ शिकवतात. पण निबंध? शेजारची मुलगी वाचून दाखवते, "पण ती कंटाळली की ओळी गाळते. मला कळतं. मुलं अशी लिहीत नाहीत."

मी म्हटलं, रविवारी मोकळा असतो.

नर्सने माझा नंबर पुकारला. नाव नाही पुकारलं, देवाची दया. की नाही?

गुरुवार, १४ मे

पुढच्या अंकासाठी सहा ओळी पाठवल्या. "मार्चमध्ये मी या रकान्यात बेहचेतच्या गोळ्यांची टिंगल केली. मी चुकलो होतो. ती परीक्षा माझ्यामुळे बिघडली होती. गोळ्या न घेतल्याने माझ्या डोळ्याचं नुकसान झालं. तुम्ही घेत असाल तर थांबवू नका. डॉक्टरांना विचारा."

शाहापचा फोन. "यात विनोद कुठाय?"

"नाही."

"मग मी काय छापू?"

"सहा ओळी."

"लोक म्हणतील रिफ्की संपला."

"छाप, शाहापदादा."

मग, "त्याच जागी? त्याच टाइपात?" — "त्याच." — "बरं. डोळा कसाय?" पहिल्यांदा विचारलं.

मासळीवाल्या एनिश्तेंनाही फोन केला. मेहुण्याचा मुलगा गोळ्या घेतोय. लेख फ्रिजवर लावलाय, पण घेतोय. खुर्चीवर बसलो.

रविवार, २४ मे

मुआल्ला बाईंकडे. चौथा मजला, चहा तयार, अडतीस वह्या. विषय — "आमच्या घरातला प्राणी". मी वाचतो, त्या गुण सांगतात, मी लाल पेनाने लिहितो.

सतराव्या वहीत एका मुलीची कासवावरची चार लंगडी वाक्यं. मी वाचता वाचता जरा सावरली. एक शब्द इकडून तिकडे, शेवटी छोटीशी गंमत.

बाईंनी कप खाली ठेवला. "तिने असं लिहिलेलं नाही. जसं आहे तसं वाचा. तुमची सजावट नको, रिफ्की बेय."

माझं खरं नाव दवाखान्यात कुणी सांगितलं, की वाक्यावरून ओळखलं — विचारलं नाही. त्या वाट पाहत होत्या.

वही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. जशी होती तशी. मग पुढच्या एकवीस.